प्रोब्स्टत्सेला, १:८७ – एका स्टेशनाच्या कामाच्या नोंदी

११ जून २०२३

मॉडेल रेल्वेचं स्टेशन बांधायचं आहे, म्हणून भिंत मोजली. खिडकीपासून कपाटापर्यंत ३ मीटर ४० सेंटिमीटर. टेबलाची रुंदी ६० सेंटिमीटर, त्यापुढे गेलास तर कपाटाचं दार उघडणार नाही, असं घरातून ठणकावून सांगण्यात आलं आहे. म्हणजे जागेचा वाद मिटला.

स्टेशन ठरलं: प्रोब्स्टत्सेला. जर्मनीतल्या थुरिंगिया राज्याच्या दक्षिण टोकाला, बव्हेरियाच्या हद्दीला खेटून, लोक्वित्स नदीच्या चिंचोळ्या खोऱ्यात बसलेलं अडीच-तीन हजार वस्तीचं गाव. मी एर्लांगेनला नोकरीला होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी लाइपझिगला जायचो. म्युनिक–बर्लिन आयसीई, म्हणजे जर्मनीच्या वेगवान गाड्या, तेव्हा याच मार्गाने जात. फ्रँकनवाल्डचा घाट चढून गाडी पलीकडे उतरली की डाव्या-उजव्या हाताला नुसतं जंगल, आणि मधेच एकदम लांबलचक यार्ड. गावाच्या मानाने फारच मोठं. गाडी तिथे थांबायची नाही. एवढ्याशा गावाला इतके रूळ कशाला, हे काही डोक्यातून जाईना. शेवटी २०१६ च्या ऑक्टोबरात साध्या प्रादेशिक गाडीने जाऊन उतरलो आणि अर्धा दिवस तिथे काढला.

आज नुसतं गणित. एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक माप, म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. साडेसव्वीस मीटरचा डबा ३० सेंटिमीटरचा होतो. आठ डब्यांची एक्स्प्रेस लावली तर भिंत संपली. पाच डबे, बस्स. फलाटही त्याच बेताने आखडावा लागेल.

१८ जून

साल ठरत नाही.

मॉडेल रेल्वेवाले काळाचे तुकडे पाडतात, त्याला ‘एपोख’ म्हणतात. पहिला राजेरजवाड्यांच्या रेल्वेचा, दुसरा दोन महायुद्धांमधला, तिसरा १९४५ नंतरचा, चौथा साधारण १९७० ते १९९० आणि मग पुढचे. एकदा साल ठरलं की सिग्नल, डब्यांचे रंग, इंजिनांवरचे आकडे, फलाटावरच्या माणसांचे कोट, सगळं त्याला बांधील. १९३५ च्या फलाटावर १९७५ ची मोटार उभी केलीत तर बघणारा काही बोलत नाही, पण परत येतही नाही.

कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात लहानपणी पहिल्यांदा गेलो तेव्हा असले प्रश्न पडले नव्हते. तिथे सगळं एकत्र धावायचं आणि तेच छान वाटायचं. आता वय झालं, चिकित्सा वाढली.

दुसरा एपोख बाद. इंजिनं देखणी आहेत, पण १९४० चं जर्मन स्टेशन बांधायचं म्हणजे झेंडे बांधायचे की टाळायचे, हा प्रश्न आलाच. इथून जवळच लेहेस्टेनच्या स्लेटच्या खाणींत व्ही-२ रॉकेटची इंजिनं तपासली जायची, आणि ते काम ‘लाउरा’ नावाच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून करून घेतलं जायचं. भिंतीवर शोभेला ठेवायचं साल हे नव्हे.

२ जुलै

यार्डाचा नकाशा कागदावर उतरवला. उतरवताना लक्षात आलं की यार्ड एवढं मोठं असण्याचं कारण पूर्व-पश्चिम जर्मनीच्या सरहद्दीवरच्या तारेपेक्षा बरंच जुनं आहे.

उत्तरेकडून रेल्वे १८७१ साली आइखिष्टपर्यंत आली आणि तिथेच संपली. दक्षिणेकडून बव्हेरियाची रेल्वे १८६३ पर्यंत श्टॉकहाइमच्या कोळशापाशी येऊन थांबली होती. मधे फ्रँकनवाल्डचा डोंगर. दोन्ही टोकं जोडायला १८८५ साल उजाडलं. गाव होतं झाक्सेन-माइनिंगेन या छोट्या संस्थानाचं, पण रूळ टाकणारे नि गाड्या चालवणारे उत्तरेकडून प्रशियन आणि दक्षिणेकडून बव्हेरियन. दोघांची गाठ पडायची ती इथे. प्रशियन इंजिन गाडी आणून सोडायचं, बव्हेरियन इंजिन पुढे न्यायचं. दोघांनाही उभं राहायला, वळायला, पाणी-कोळसा भरायला जागा हवी. म्हणून रूळ.

आपल्याकडे इगतपुरीला पूर्वी इंजिन बदलायचं. मुंबईकडचा डीसी करंट तिथे संपायचा आणि पुढे एसी सुरू व्हायचा. गाडी थांबली की लोक वडे आणायला उतरायचे. प्रोब्स्टत्सेला म्हणजे जर्मनीची इगतपुरी, असं मी घरी समजावलं. “वडे मिळतात का?” असा प्रश्न आला. नाही. सॉसेज मिळतं. थुरिंगियाचं सॉसेज प्रसिद्धच आहे.

१६ जुलै

पाऊस. प्लाय फुगला. रूळ ठोकलेला पावणेदोन मीटरचा पट्टा मधोमध चार मिलिमीटर वर आला आहे. वॉटरप्रूफ म्हणून विकलेला प्लाय होता. दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, साहेब, पुण्याच्या पावसाला वॉटरप्रूफ काही नसतं. पट्टा काढला. खालून आडव्या पट्ट्या मारून, दोन्ही बाजूंनी पॉलिश करून परत बसवणार. पंधरा दिवस गेले.

६ ऑगस्ट

कर्जतला जाऊन आलो. आमचं मूळ घर तिथलं. शेजारचे काका रेल्वेत ड्रायव्हर होते, बरीच वर्षं बँकरवर. कर्जतला वाढलेल्या कुणालाही बँकर समजावून सांगावा लागत नाही: गाडी आली, मागून इंजिनं लागली, ढकलत लोणावळ्यापर्यंत नेली, पुन्हा रिकामी खाली. लहानपणी रात्री तो धक्का कानावर आला की झोप लागायची.

काकांना फोटो दाखवले. प्रोब्स्टत्सेलाहून दक्षिणेला निघालं की लगेच चढ. घाटमाथा श्टाइनबाख आम वाल्डला, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. पाणलोटही तिथेच फुटतं: अलीकडचं पाणी एल्बेला, पलीकडचं ऱ्हाइनला. पलीकडचा, म्हणजे बव्हेरियाच्या बाजूचा चढ जास्त कडक. हजार मीटरला २५ मीटरच्या वर.

“म्हणजे चाळिसाला एक,” काका म्हणाले. “आपला सदतिसाला एक. आपला कडक.”

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. पण पुढचा फोटो पाहून ते सरसावून बसले. बव्हेरियाची जीटी २×४/४, पुढे ९६ वर्ग म्हणून ओळखली गेलेली इंजिनं. एकाच बॉयलरखाली चाकांचे दोन संच, सोळा चाकं आणि सगळीच ओढणारी. १९१३ पासून एकूण २५ बांधली आणि त्यातली काही या घाटात मागून ढकलायला होती. घाटाखालच्या प्रेसिग-रोटेनकिर्खेनला ती गाड्यांना लागायची. काकांनी विचारलं, “मागचं इंजिन जोडायचे की नुसतं टेकवायचे?” उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

माझ्या टेबलावर घाट फक्त शेवटच्या १ मीटर २० सेंटिमीटरचा. २५ च्या हिशेबाने चढ ३ सेंटिमीटर. डोळ्यांना दिसतही नाही, पण पाच डबे ओढणारं इंजिन तिथे घसरतं. चाकं जागच्या जागी फिरतात. हे अगदी अस्सल झालं, ठरवून न करता.

२० ऑगस्ट

आज तारा. म्हणजे ओव्हरहेड वायर, आणि तिची गोष्ट. माझ्या मते या स्टेशनाचा सगळा इतिहास त्या तारेत आहे.

१९३९ साली न्यूर्नबर्ग ते झालफेल्ड मार्गावर वीज आली. बव्हेरियातून निघालेलं विजेचं इंजिन प्रोब्स्टत्सेलाला न थांबता पुढे जाऊ लागलं. १९२० मध्ये सगळी संस्थानी रेल्वे एकत्र झाल्यामुळे प्रशियन-बव्हेरियन भेदही उरला नव्हता. म्हणजे स्टेशनाचं मूळ काम संपलंच होतं. युद्ध चालू असतानाच तारा आणखी उत्तरेला, लाइपझिगच्या दिशेने सरकल्या.

एप्रिल १९४५ मध्ये थुरिंगियात अमेरिकन सैन्य आलं. जुलैमध्ये ठरल्याप्रमाणे ते मागे हटलं आणि सोव्हिएत सैन्य आलं. सात-आठ किलोमीटरवरचं लुडविग्सश्टाट बव्हेरियात, म्हणजे अमेरिकनांकडे राहिलं. १९४६ मध्ये सोव्हिएतांनी युद्धाची भरपाई म्हणून आपल्या विभागातल्या तारा, खांब, सगळं उतरवून नेलं. विजेचा मार्ग हद्दीवर तुटला.

आणि मग १९५० मध्ये पश्चिमेकडून तार पुन्हा प्रोब्स्टत्सेलापर्यंत आली. तेवढीच. पूर्व जर्मनीच्या जमिनीवर, पूर्व जर्मन रेल्वेच्या स्टेशनात, पश्चिमेची विजेची इंजिनं उभी राहू लागली आणि उत्तरेला फलाटाच्या पुढे तार संपायची. तिथून पुढे वाफ, नंतर डिझेल. झालफेल्डकडची तार पुन्हा जोडली गेली ती १९९५ मध्ये, देश एक होऊन पाच वर्षं झाल्यावर.

म्हणजे १८८५ ला प्रशिया-बव्हेरिया, १९५० ला पूर्व-पश्चिम. मालक बदलले, काम तेच: इथे एकाने गाडी सोडायची, दुसऱ्याने धरायची.

साल ठरलं. १९७८. का ते पुढच्या नोंदीत, आता हात दुखतोय. खरी तार रुळापासून साडेपाच मीटरवर, माझी ६३ मिलिमीटरवर. खांब पितळी नळीचे, तार गिटारची. सोळा खांब डाग देऊन झाले, त्यातले तीन वाकडे.

३ सप्टेंबर

कस्टमवाल्यांकडून पार्सल सोडवून आणलं. तीन आठवडे अडकलं होतं. खेळणं आहे की यंत्र आहे यावर त्यांचं एकमत होत नव्हतं, आणि ड्युटी दोन्हीकडची लावली.

पण आत काय आहे बघा: सोव्हिएत बनावटीच्या १३२ वर्गाच्या डिझेल इंजिनाचं मॉडेल, पिको कंपनीचं. खोक्यावर गावाचं नाव झोनेबेर्ग. खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव त्याच डोंगरात आहे, आणि प्रोब्स्टत्सेलाहून एक फाटा लाउशामार्गे तिकडेच जायचा. लाउशा म्हणजे ख्रिसमसच्या काचेच्या गोळ्यांचं गाव. फाटा १९९७ मध्ये बंद पडला. ज्या डोंगरात हे इंजिन चालायचं त्याच डोंगरातल्या कंपनीकडून ते छोटं होऊन कोथरूडला आलं. ड्युटीचा राग जरा उतरला.

१९७८ चं कारणही याच फाट्यात आहे. त्यावर ९५ वर्गाची वाफेची इंजिनं चालायची. मूळ प्रशियाचं टी २०, १९२२ ते १९२४ मध्ये बांधलेली ४५ इंजिनं, पाच जोड्या ओढत्या चाकांची. रेल्वेवाले त्याला ‘डोंगरराणी’ म्हणत. शेवटच्या काळात त्यांचं घर म्हणजे प्रोब्स्टत्सेलाची शेड. १९८० च्या सुमारास ती संपली. दुसरीकडे पश्चिमेचं विजेचं इंजिन ११८, म्हणजे १९३५ चं ई १८, तेही म्हातारंच, १९८४ पर्यंत चाललं. १९७८ मध्ये ही दोन्ही एकाच यार्डात उभी करता येतात. हे कारण इतिहासकाराला सांगू नये, पण आहे हे असं आहे.

गंमत: पूर्व जर्मनीनेही १९७० मध्ये आपल्या एका डिझेल इंजिनाला ११८ हाच आकडा दिला होता. एकाच भाषेत, एकाच रुंदीच्या रुळावर दोन वेगळी ११८. रेल्वेचं नावही पूर्वेकडच्यांनी जुनंच ठेवलं, ‘डॉइचे राइक्सबान’. कम्युनिस्ट राज्यात साम्राज्याच्या नावाची रेल्वे; राज्य गेल्यावरही ते नाव १९९३ अखेरपर्यंत राहिलं.

२४ सप्टेंबर

गणपतीत दोन दिवस मिळाले. स्टेशनाची जुनी इमारत पूर्ण.

या भागात छपरंच काय, भिंतीसुद्धा स्लेटने मढवतात. लेहेस्टेनची काळी-निळी स्लेट, तिकडे तिला ‘निळं सोनं’ म्हणत. मॉडेलसाठी तयार प्लॅस्टिकचे पत्रे मिळतात, पण ते फार सरळ दिसतात. मी लग्नपत्रिका वापरल्या. चांगल्या घरच्या पत्रिकेचा कागद पावणे मिलिमीटरचा, घट्ट असतो. ३ मिलिमीटरच्या पट्ट्या कापायच्या, एका कडेला कात्रीने दाते पाडायचे, आणि खालून वर एकावर एक चिकटवत जायचं, कौलांसारखं. रंग काळा, त्यात निळ्याचा एक थेंब. वाळल्यावर कोरड्या ब्रशने करडा. एका जागी रंग कमी पडला आणि सोनेरी ‘शुभ’ दिसतंय. राहू देणार.

१५ ऑक्टोबर

आता अवघड इमारत.

सत्तरच्या दशकात पूर्व जर्मनीने जुन्या इमारतीजवळ तपासणीसाठी वेगळी मोठी इमारत बांधली. तिचा आराखडा मिळेना, धड फोटोही मिळेनात. सरहद्दीवर फोटो काढायला बंदी होती. त्यातही हे गाव पाच किलोमीटरच्या निषिद्ध पट्ट्यात. १९५२ पासून तिथे राहणाऱ्यांच्या ओळखपत्रावर वेगळा शिक्का, आणि बाहेरच्या नातेवाइकाला यायचं तर परवाना. पट्ट्यातल्या नकोशा वाटलेल्या कुटुंबांना १९५२ आणि १९६१ मध्ये रातोरात उचलून आत कुठेतरी हलवलं. अशा ठिकाणी रेल्वेवेडे कॅमेरा घेऊन कसे फिरणार? म्हणूनच ११८ चे फोटो हद्दीपलीकडे बव्हेरियात काढलेले भरपूर आणि प्रोब्स्टत्सेलाचे मोजके.

मी २०१६ ला गेलो तेव्हा ती इमारत नव्हतीच. गावाला ती नकोशी होती, काहींना स्मारक म्हणून हवी होती. वाद होऊन शेवटी पाडली. त्यानंतर २०१० मध्ये जुन्या स्टेशन इमारतीत सरहद्द-स्टेशनाचं संग्रहालय उघडलं. मला आठवतंय ते त्यातलं. दालनं लहान. गणवेश, शिक्के, फॉर्म. शिक्के मारणारे पासपोर्ट-तपासनीस अंगात सरहद्द सैनिकांचा गणवेश घालायचे, पण नोकरी गुप्त पोलिसांची, श्टाझीची. बाहेर पडलो तर फलाटावर एक शाळकरी मुलगी कानात हेडफोन घालून गाडीची वाट बघत होती, आणि बाजूला रिकामी सपाट जागा. तिथे काय होतं ते सांगणारी मोठी गोष्ट म्हणजे तो रिकामेपणाच.

तर बांधायचं कसं? अंदाजाने बांधलं तर खोटं, न बांधलं तर १९७८ खोटं. ठरवलं: टेबलाच्या पुढच्या कडेला, म्हणजे बघणाऱ्याच्या बाजूला, इमारतीचा फक्त पाया, भिंतींची बोटभर उंची. बघणारा इमारतीच्या आत उभा राहून फलाटाकडे बघतोय असं. बायको म्हणाली, “म्हणजे आम्ही पोलीस?” हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

५ नोव्हेंबर

माणसं. हे काम सगळ्यात लांबलं.

एचओची बाहुली वीस मिलिमीटरची. बाजारात मिळणाऱ्या संचांत काय असतं? आइस्क्रीम खाणारी मुलं, पाठीवर पिशवी लावलेले गिर्यारोहक, मिठीत घेणारं जोडपं. १९७८ च्या प्रोब्स्टत्सेलाला हे चालणार नाही.

कोण असायचं तिथे? पश्चिम बर्लिन आणि पश्चिम जर्मनी यांच्यात ये-जा करणाऱ्या ट्रान्झिट गाड्यांचे प्रवासी उतरायचेच नाहीत. १९७१ चा करार १९७२ मध्ये लागू झाल्यापासून त्यांची तपासणी डब्यातच, बहुतेक नुसता कागद बघून. खरी तपासणी पूर्व जर्मनीतच येणाऱ्या-जाणाऱ्यांची. पश्चिमेकडून भेटीला येणाऱ्याला रोजच्या मुक्कामामागे ठरावीक मार्क बदलून घ्यावे लागत, १९७८ मध्ये माणशी १३. आणि पूर्वेकडून पश्चिमेला कोण जाऊ शकायचं? मुख्यतः म्हातारी माणसं. १९६४ पासून पेन्शनरांना नातेवाइकांकडे जायची मुभा मिळाली: बायकांना साठीनंतर, पुरुषांना पासष्टीनंतर. ती परत आली नाहीत तरी सरकारला तेवढाच पेन्शनचा खर्च कमी, हा हिशेब.

म्हणजे माझ्या फलाटावर म्हातारे हवेत. सुटकेसा, कोट, आणि परत येताना कॉफी नि चॉकलेटनी फुगलेल्या पिशव्या.

त्रेचाळीस बाहुल्यांचे केस पांढरे केले. तीन शून्याचा ब्रश, भिंगाखाली. नुसते केस पांढरे करून माणूस म्हातारा होत नाही, हे दहाव्या बाहुलीला कळलं. तरुण बाहुली ताठ उभी असते. मग गरम सुईने कमरेत किंचित वाकवलं. सहा वितळल्या. एका बाईच्या हातातला आइस्क्रीमचा कोन तासून काढला आणि त्या हातात हँडबॅग दिली. आता ती बॅग जरा उंच धरते, जशी गर्दीत धरतात. सगळ्यांत जिवंत तीच दिसते.

तपासनीस दोनच ठेवले. एक कुत्रा. गाडीच्या पोटाखाली बघायचा चाकांवरचा आरसा करायचाय. चॉकलेटच्या चांदीने जमेल.

१३ नोव्हेंबर

दिवाळी. लेकीने सोसायटीतला किल्ला उरकला आणि उरलेला एक मावळा आणून फलाट क्रमांक एकवर उभा केला. तपासनिसांच्या पाठीमागे, ढाल-तलवारीसह. प्रमाणात तो साडेचार मीटरचा होतो. पाहुण्यांनी बाकी काही बघितलं नाही, फोटो फक्त त्याचेच काढले.

१० डिसेंबर

पार्श्वभूमीचा डोंगर झाला. वर्तमानपत्राचा लगदा, लाकडाचा भुसा, हिरवा. त्यावर एक इमारत चढवली, सपाट आकाराची: ‘हाउस देस फोल्केस’, लोकांचं घर. स्टेशनपासून चालत दोन मिनिटांवर.

हे बांधलं फ्रान्झ इटिंग यांनी. गावातल्या वीज कंपनीचे मालक, आणि समाजवादी. लोक त्यांना ‘लाल इटिंग’ म्हणत. १९२७ मध्ये त्यांनी कामगारांसाठी सभागृह, व्यायामशाळा, हॉटेल असं एकत्र उभं केलं आणि आतली-बाहेरची रचना बाउहाउस या आधुनिक कलाशाळेच्या आल्फ्रेड आर्न्ट यांच्याकडून करून घेतली. खेड्यात बाउहाउस! नाझींनी इटिंगना तुरुंगात टाकलं, कारण ते समाजवादी. पुढे समाजवादी म्हणवणारं सरकार आलं, त्याने त्यांची मालमत्ता काढून घेतली, कारण ते भांडवलदार. ते हद्दीपलीकडे लुडविग्सश्टाटला गेले आणि १९६७ मध्ये वारले. आपण बांधलेलं घर सात-आठ किलोमीटरवर. आज तिथे पुन्हा हॉटेल आहे. मी तिथे कॉफी घेतली होती. दारांचे रंग इतके ताजे होते की मी वेटरला विचारलं, नवीन का? म्हणाला, मूळचेच शोधून पुन्हा लावलेत.

मॉडेलमध्ये हे फक्त अर्धा वीत उंच पुठ्ठ्याचं आहे. त्याची एक खिडकी पिवळी पेटते.

७ जानेवारी २०२४

पहिली चाचणी. इंजिन बदल.

क्रम असा. म्युनिककडून ११८ पाच डबे घेऊन येतं, तारेखाली. फलाटाला थांबतं. सुटतं, पुढे सरकतं, बाजूच्या रुळावरून मागे येतं, यार्डात जाऊन उभं राहतं. मग उत्तरेकडून १३२ उलटं येतं, डब्यांना टेकतं, जोडतं, निघतं. यासाठी रुळाचे चार तुकडे वेगळे केलेत, प्रत्येकाला वेगळं बटण, म्हणजे हव्या त्या इंजिनाचा करंट तोडता येतो.

पहिल्या खेपेला दोन्ही इंजिनं एकदम निघाली, एकमेकांच्या अंगावर. बटणाची वायर उलटी. दुसऱ्या खेपेला ११८ तारेच्या पुढे गेलं आणि पँटोग्राफ, म्हणजे छपरावरचा तारेला टेकणारा सांगाडा, मोकळ्या हवेत वर उभा राहिला. खऱ्या स्टेशनात ड्रायव्हरचं धाबं दणाणलं असतं. तार संपते तिथे पांढऱ्या चौकटीची निळी पाटी लावायची राहिली होती, लावली. काही फरक पडणार नाही, पण लावली.

पाचव्या खेपेला जमलं. अकरा मिनिटं.

४ फेब्रुवारी

ऑफिसातला एक मित्र आला होता. विचारलं, “नंतर काय झालं स्टेशनाचं?” नंतरचं थोडक्यातच आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये हद्द उघडली. बव्हेरियात पाय ठेवताच प्रत्येक पाहुण्याला स्वागताचे शंभर मार्क मिळायचे, आणि गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. १ जुलै १९९० ला तपासणी बंद. १९९५ मध्ये तार जोडली. २००० पासून वळणावर कलणारी आयसीई इथून धावू लागली, न थांबता. डिसेंबर २०१७ मध्ये एरफुर्टमार्गे बोगद्यांचा नवा वेगवान मार्ग सुरू झाला आणि ती आयसीईही गेली. आता प्रादेशिक गाड्या थांबतात, मालगाड्या जातात.

“म्हणजे भिंत पडली आणि स्टेशनही पडलं,” तो म्हणाला. मला ते पटलं नाही. भिंत नसती तर ते १९३९ लाच पडलं असतं. तिथे गाडी थांबत होती ती इंजिन बदलायला. बाकीचं सगळं, शिक्के, कुत्रे, आरसे, त्या थांबण्याचा फायदा घेऊन आलं. तो कपाटाच्या अर्ध्या उघड्या दारातून बाहेर पडत म्हणाला, “तुला इंजिनाशिवाय काही दिसत नाही.” असेल.

३ मार्च

कर्जतचे काका आले. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी वाकून वाकून बघत होते. घाट बघितला, “काय हा घाट,” म्हणाले. मावळा त्यांना आवडला. वाकवलेल्या म्हाताऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले, “चालव.”

कंट्रोलर लेकीकडे दिला. ११८ आलं, थांबलं, सुटलं, यार्डात गेलं. १३२ मागे मागे आलं, डब्यांना टेकलं, कपलिंग बसल्याचा ‘टक्’ आवाज आला. तिने लगेच चाक फिरवायला घेतलं.

“थांब गं,” काका म्हणाले. “इंजिन लागलं म्हणजे गाडी निघत नाही. शेवटच्या डब्यापर्यंत हवा पोचू दे. ब्रेक लागतोय, सुटतोय, कोणीतरी बघून येऊ दे.”

“किती वेळ आजोबा?”

त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. ती चाकावरचा हात न काढता थांबली.